बंद पडलेला बॅटरी फवारणी पंप घरीच कसा दुरुस्त करायचा

श्रावणात चार-पाच दिवस झड लागते. मग एका सकाळी उघडीप मिळते आणि सगळं गाव पंप पाठीला लावून कपाशीत शिरतं. नेमका त्याच दिवशी पंप दगा देतो. बटण दाबलं तरी आवाज नाही. मजूर बांधावर बसलेला, औषध बादलीत कालवून ठेवलेलं, आणि तालुक्याच्या दुकानात आधीच दहा पंप ओळीने मांडलेले.

मी चोपडा तालुक्यातला. थोडी केळी, थोडी कपाशी. ओसरीवर एक जुनं टेबल आहे, त्यावर गेली काही वर्षं शेजारपाजारचे पंप उघडतो. "भाऊ, पंप चालस नही," म्हणत पावसाळ्यात रोज कोणी ना कोणी येतंच. ही दुरुस्ती मी कुठे शिकलो नाही, नुकसान झाल्यावर शिकलो. माझा पहिला पंप बंद पडला तेव्हा दुकानदाराने न उघडताच सांगितलं की मोटर गेली. मी नवी मोटर बसवून घेतली. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. ह्या वेळी घरी तळ उघडला तर बॅटरीच्या काळ्या वायरची चपटी क्लिप सैल होऊन नुसती टेकली होती. ती दाबून बसवली आणि पंप सुरू झाला. मग पिशवीतली जुनी मोटर काढून तिच्या दोन वायरी बॅटरीला लावून पाहिल्या. तीही फिरली.

म्हणून ह्या लेखात भाग बदलायची गोष्ट मी शेवटी ठेवली आहे. 'मोटर गेली' म्हणून माझ्याकडे आलेल्या बहुतेक पंपांची मोटर चांगलीच निघाली. दोष कुठे आहे ते आधी मोजून काढायचं, पैसे त्यानंतर. ज्याने आजवर स्क्रू ड्रायव्हरसुद्धा क्वचित धरला असेल, त्यालाही हे जमतं. मात्र क्रम सोडायचा नाही.

उघडण्याआधी पंप धुवा

हा भाग कंटाळवाणा वाटतो म्हणून लोक टाळतात. मला मात्र सगळ्यात जास्त काळजी ह्याचीच वाटते. पंप रिकामा दिसला तरी नळीत, दांडीत आणि मोटरच्या डोक्यात औषध उरलेलं असतं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आपण सगळ्यांनी वाचलं आहे. तीच औषधं आपल्याकडेही फवारली जातात. शेवटचं कोणतं औषध मारलं ते विचारा आणि डब्यावरचा त्रिकोण बघा. लाल म्हणजे सर्वात जहाल, त्याखाली पिवळा, मग निळा, मग हिरवा. लाल-पिवळ्याचा पंप असेल तर रबरी हातमोजे घातल्याशिवाय हात लावू नका.

टाकीत चार-पाच लिटर स्वच्छ पाणी घाला, हलवा, ओतून द्या. दुसऱ्यांदा साबणाचं पाणी, तिसऱ्यांदा पुन्हा साधं. पंप थोडा जरी चालत असेल तर प्रत्येक वेळी ते पाणी दांडीतून बाहेर काढा. हे पाणी विहिरीजवळ, नाल्यात किंवा गुरं पाणी पितात त्या हौदाजवळ ओतायचं नाही. पडीक बांधावर, पिकापासून लांब ओता. काम करताना तंबाखू मळायची झाली तर आधी हात साबणाने धुवा. लेकरांना टेबलापासून लांब ठेवा.

एक गोष्ट इथेच विचारून घ्या: ह्या पंपाने तणनाशक मारलं होतं का? ज्वारी-मक्यातल्या २,४-डी चा थोडासा अंश जरी टाकीत राहिला तरी कपाशीची पानं बारीक होऊन भेंडीच्या पानासारखी चिरतात. कपाशी ह्या औषधाला फार नाजूक आहे. मी तर सांगेन, तणनाशकाला वेगळाच पंप ठेवा आणि त्याच्या टाकीवर रंगाने मोठी फुली मारा.

आत काय असतं

टाकी साधारण १६ ते २० लिटरची. तिच्या तळाशी एक कप्पा असतो, चार-सहा स्टार स्क्रूंनी बंद केलेला. त्यात १२ व्होल्टची बॅटरी असते. आपल्याकडे जास्त करून ८ अँपिअर-अवरची (बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप), मोठ्या पंपात १२ ची. बॅटरीपासून लाल वायर फ्यूजमधून बटणाला जाते, बटणातून रेग्युलेटरला (मोटरचा वेग कमी-जास्त करणारा भाग), तिथून मोटरला. काळी वायर परत बॅटरीला येते. मोटरच्या तोंडाशी पाणी ओढणारं डोकं असतं. त्यात रबरी पडदा, म्हणजे डायफ्राम, आणि छोट्या रबरी झडपा असतात. डोक्यावर प्रेशर स्विच बसवलेला असतो. दांडीचा खटका सोडला की नळीत दाब वाढतो आणि हा स्विच मोटर थांबवतो, खटका दाबला की पुन्हा चालू करतो. बाहेरच्या अंगाला चार्जिंगचं भोक आणि काही पंपांना व्होल्टचा छोटा काटा किंवा आकडे.

एवढंच आहे. डबल मोटरच्या पंपात हेच सगळं दोनदा असतं आणि बटणंही दोन असतात. त्यातली एक मोटर चालत असेल तर तुमचं काम सोपं झालं: चालणाऱ्या मोटरच्या वायरी न चालणारीला लावून बघा.

सामान फार लागत नाही. एक साधा डिजिटल मल्टिमीटर, स्टार आणि चपटा स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, बारीक पॉलिश पेपर, जुना टूथब्रश, टेफ्लॉन टेप, व्हॅसलिन, दोन-चार चपट्या क्लिपा आणि जादा फ्यूज. सोल्डर मारता येत असेल तर उत्तम. मल्टिमीटर स्वस्तातला असला तरी चालेल, पण तो हवाच. मीटर नसेल तर तुम्ही अंदाजाने भाग बदलत राहाल आणि त्यात मीटरच्या किमतीपेक्षा जास्त पैसे जातील.

टाकी रिकामी करून पोत्यावर उलटी ठेवा, स्क्रू काढा आणि हात लावायच्या आधी मोबाइलवर फोटो काढा. कोणती वायर कुठे होती ते संध्याकाळपर्यंत कोणाच्याच लक्षात राहत नाही. बोटातली अंगठी आणि हातातलं कडं काढून ठेवा. १२ व्होल्टने शॉक बसत नाही हे खरं, पण बॅटरीच्या दोन टोकांना एकाच वेळी लोखंड टेकलं तर ते क्षणात तापून लाल होतं. बॅटरी सोडवताना आधी काळी वायर काढा, जोडताना काळी शेवटी लावा.

पहिली पायरी: बॅटरी

पंपाचे निम्म्याहून जास्त आजार इथेच असतात, म्हणून इथे घाई करू नका.

आधी नुसतं बघा. क्लिपांवर पांढरी किंवा हिरवी बुरशी धरली आहे का? मोरचूद आणि विद्राव्य खतं फवारणाऱ्यांच्या पंपात ती हमखास सापडते. खाण्याचा सोडा कोमट पाण्यात कालवून ब्रशने घासा, कोरडं करा, पॉलिश पेपरने धातू चमकवा. क्लिप पकडीने हलकी दाबून घट्ट बसवा आणि वरून व्हॅसलिनचा हात फिरवा. काही पंप ह्या दहा मिनिटांतच चालू होतात. बॅटरी फुगलेली, तडकलेली किंवा ओलसर दिसली तर पुढे काही मोजू नका, ती बदलायचीच.

आता मीटर डीसी व्होल्टच्या २० वर ठेवा. लाल टोक बॅटरीच्या लाल बाजूला, काळं काळ्याला. पंप चार्जिंगवरून काढून दोन-तीन तास झालेले असावेत, नाहीतर आकडा खोटा वाढलेला दिसतो. लीड-ॲसिड, म्हणजे शिशाच्या पट्ट्यांची, बॅटरी १२.७ किंवा वर दाखवत असेल तर पूर्ण भरलेली आहे. १२.२ च्या आसपास म्हणजे निम्मी. ११.८ च्या खाली म्हणजे रिकामी, आधी चार्ज करा. रात्रभर चार्ज करूनही सकाळी ती १०.५ व्होल्टच्या आसपासच अडकली असेल, तर तिचं एक घर मेलं आहे. ह्या बॅटरीत दोन-दोन व्होल्टची सहा घरं असतात. एक गेलं की दोन व्होल्ट गेले, आणि ते परत येत नाहीत.

पण नुसत्या बसलेल्या बॅटरीचा आकडा फसवतो, आणि पुष्कळ जण इथेच चुकतात. बैल गोठ्यात तगडाच दिसतो, त्याचा दम जू मानेवर आल्यावर कळतो. टाकीत तीन-चार लिटर पाणी घाला, पंप चालू करा आणि चालू असतानाच बॅटरीच्या टोकांवर मीटर धरा. चांगली बॅटरी बाराच्या आसपास टिकून राहते. १२.८ वरून मिनिटभरात ११ च्या खाली घसरली तर तिच्यात ताकद उरलेली नाही. अशा बॅटरीवर पंप घरी चालून दिसतो आणि शेतात दोन टाक्यांनंतर मंदावतो.

बॅटरी अशी का मरते हेही समजून घ्या, नाहीतर नवीही तशीच जाईल. रिकामी बॅटरी तशीच ठेवली की आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचे खडे धरतात आणि घट्ट होत जातात. मग चार्जर लावला तरी ते सुटत नाहीत. आपल्याकडे कपाशी वेचून झाली की पंप पत्र्याच्या खोलीत टांगला जातो, बहुतेक वेळा अर्धाच चार्ज असलेला. त्यावर आपला उन्हाळा. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, पत्र्याखाली त्याहून जास्त. साधारण २५ अंशांच्या वर दर दहा अंशांमागे अशा बॅटरीचं आयुष्य निम्म्यावर येतं असा अनुभवाचा हिशोब आहे. पंप वापरून खराब होण्यापेक्षा न वापरता जास्त खराब होतो.

नवी घेताना जुनी दुकानात सोबत न्या: तेवढेच व्होल्ट, तेवढेच अँपिअर-अवर, तेवढीच लांबी-रुंदी. ८ च्या जागी १२ ची बसवायचा मोह होतो, पण ती बहुधा कप्प्यात मावत नाही आणि पाठीवरचं वजन किलोभराने वाढतं. पैसे द्यायच्या आधी दुकानातच मीटर लावा. १२.४ च्या खाली असेल तर ती बॅटरी रॅकवर पडून राहिलेली आहे, दुसरी मागा. जुनी दुकानदाराला परत द्या, तिचे थोडे पैसेही मिळतात. मासे धरायच्या जाळ्याला शिसं हवं म्हणून कोणी फोडायला मागितली तरी देऊ नका. शिशाची भुकटी आणि धूर लेकरांच्या अंगात गेला की लवकर बाहेर पडत नाही.

तुमच्या पंपात लिथियम बॅटरी असेल तर गोष्ट वेगळी. ती हळूहळू मंदावत नाही, चालता चालता एकदम थांबते, कारण आतलं संरक्षक सर्किट तिला कापून टाकतं. मीटरवर शून्य दिसलं म्हणून मेली समजू नका. तिचाच चार्जर लावून बघा, पुष्कळदा ती जागी होते. लीड-ॲसिडचा चार्जर तिला कधीही लावू नका आणि तिचा पॅक उघडू नका. लिथियम पॅक पेटला की घरच्या उपायांनी आवरत नाही. ह्या बाबतीत मी स्वतः हात आखडता घेतो.

चार्जर नीट आहे का

चार्जर लावताच दिवा लगेच हिरवा झाला, तर बॅटरी भरली असा अर्थ नेहमीच होत नाही. चार्जिंगच्या भोकातली वायर तुटली असेल किंवा फ्यूज उडाला असेल तरी हिरवाच दिवा लागतो. रात्रभर लाल राहून कधीच हिरवा होत नसेल तर संशय बॅटरीवर घ्या. खात्री करायला चार्जर पंपाला लावा आणि बॅटरीच्या टोकांवर मीटर धरा. आकडा हळूहळू चढत साधारण १४ ते १४.७ पर्यंत गेला पाहिजे. तो अजिबात हलला नाही तर चार्जर, त्याची वायर किंवा भोक ह्यांपैकी एकात खोट आहे. चार्जरची पिन मोकळी मोजून शून्य आलं म्हणून तो फेकू नका, काही चार्जर बॅटरी जोडल्याशिवाय वीज सोडतच नाहीत.

चार्जर उघडू मात्र नका. त्यात २३० व्होल्ट येतात आणि प्लग काढल्यावरही आतला कपॅसिटर काही काळ भरलेला राहतो. नवा घ्या.

दुसरी पायरी: बटण दाबलं तरी आवाज नाही

बॅटरी चांगली आहे आणि पंप मुका आहे. आता बॅटरीकडून मोटरकडे एकेक मुक्काम घेत जायचं, जशी पाटाने पाणी येत नसेल तर आपण वरून खाली पाट बघत येतो. पाणी कुठपर्यंत आलं आहे ते कळलं की फुटलेली जागा सापडते.

फ्यूज काढून डोळ्यांसमोर धरा. आतली तार तुटली असेल तर बदला, पण जितक्या अँपिअरचा होता तितक्याचाच. तिथे तार गुंडाळायची नाही, कारण पुढच्या वेळी फ्यूजऐवजी रेग्युलेटर किंवा वायर जळेल. नवा फ्यूज लगेच उडाला तर कुठेतरी शॉर्ट आहे. वायर तळाच्या झाकणाखाली चिमटून सोललेली असते किंवा उंदरांनी कुरतडलेली असते. गोदामात ठेवलेल्या पंपात उंदरांचे दात मी फार वेळा पाहिले आहेत.

पुढे बटण. मीटरचं काळं टोक बॅटरीच्या काळ्या बाजूला कायम ठेवा. लाल टोक आधी बटणाच्या येणाऱ्या वायरवर लावा, मग बटण दाबून जाणाऱ्या वायरवर. येतात १२ व्होल्ट पण जात नाहीत, तर बटण गेलं. तेच टोक मग रेग्युलेटरच्या पुढे, मग प्रेशर स्विचच्या पुढे, शेवटी मोटरच्या लाल वायरवर. जिथे बारा व्होल्ट संपतात तिथे दोष. मोटरपर्यंत बारा पोहोचले आणि ती गप्प आहे, तर आधी काळी वायर परत बॅटरीपर्यंत सलग आहे का ते बघा आणि मगच मोटरवर संशय घ्या.

पंप चालतो पण मंद, आणि बॅटरी तर चांगली आहे, अशा वेळी एक युक्ती फार उपयोगी पडते. पंप चालू ठेवून मीटरची दोन टोकं बटणाच्याच दोन पायांवर लावा. चांगल्या बटणावर जवळजवळ शून्य दिसतं. अर्धा-एक व्होल्ट दिसला तर तेवढी ताकद बटणातच जळते आहे, आतले पॉइंट काळे पडलेत. हीच चाचणी प्रत्येक क्लिपवर आणि प्रत्येक जोडावर करता येते. हात लावून बघितलं तर असा जोड गरमही लागतो.

रेग्युलेटर ही छोटी पट्टी असते आणि ओलाव्याने तीच आधी बिघडते. त्यावर हिरवट थर दिसला तर मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात ते आयपीए लिक्विड आणि मऊ ब्रशने पुसा, सावलीत वाळवा. तरी चालला नाही आणि शेतात औषध थांबलं असेल, तर रेग्युलेटरची येणारी आणि जाणारी लाल वायर एकमेकींना जोडून काम भागवता येतं. मोटर पूर्ण वेगाने चालेल, बॅटरी लवकर उतरेल, पण फवारणी पूर्ण होईल. फ्यूज मात्र वाटेत असलाच पाहिजे.

प्रेशर स्विचची चाचणीही अशीच: त्याच्या दोन वायरी क्षणभर एकत्र टेकवा. मोटर सुरू झाली तर स्विच अडकलेला आहे. पण ह्या वायरी जोडून तसंच शेतात जाऊ नका. खटका सोडल्यावर दाब वाढतच राहतो, नळी सटकते आणि औषध थेट तोंडावर येतं.

शेवटी मोटर. तिच्या वायरी सोडवून थेट बॅटरीला लावा, लाल लालला. फिरली तर ती निर्दोष. नुसती हुंकारत असेल तर डोकं जाम झालं आहे. वाळलेलं औषध किंवा खताचे खडे अडकलेले असतात, डोकं उघडून धुतलं की सुटते. काहीच हालचाल नसेल तर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने मोटरच्या पाठीवर हलके दोन ठोके द्या. ठोक्याने फिरली म्हणजे आतले कार्बन ब्रश संपत आले. ह्या छोट्या मोटरीचे ब्रश बदलण्यात अर्धा दिवस जातो आणि ती पुन्हा पहिल्यासारखी होत नाही, त्यामुळे ह्या टप्प्यावर नवी घेणं मला योग्य वाटतं. आणि हा टप्पा आल्यावरच.

तुटलेली वायर जोडताना नुसती पिळून काळी टेप लावू नका. औषधाच्या ओलाव्याने टेपचा चिकटा सुटतो आणि महिन्याभरात जोड हिरवा पडतो. वायरचं टोक सोलून, चमकवून, पिळून सोल्डर करा आणि वरून श्रिंक स्लीव्ह (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवून काडीने किंवा लायटरने तापवा. स्लीव्ह सोल्डर करण्याआधी वायरीत ओवायची असते. मी स्वतः हे अनेकदा विसरलो आहे आणि जोड पुन्हा तोडावा लागला आहे.

तिसरी पायरी: मोटर फिरते, पाणी येत नाही

इथे विजेचं काम संपलं, आता पाण्याचं. आधी नोझल काढून दांडी मोकळी चालवा. धार जोरात आली तर दोष फक्त नोझलमध्ये. ते कोमट पाण्यात भिजवा आणि ब्रशने साफ करा. सुई किंवा तार घालू नका, भोक मोठं होतं, थेंब जाड पडतात आणि औषध पानावरून ओघळून जातं. तोंडाने फुंकायचं तर अजिबात नाही. बोअरच्या जड पाण्याने पांढरा क्षार धरला असेल तर लिंबाच्या फुलाच्या (सायट्रिक ॲसिडच्या) पाण्यात तासभर ठेवा.

दांडी मोकळी असूनही धार नसेल तर टाकीकडे या. तोंडावरची जाळी, तळाची जाळी, खटक्याच्या मुठीतली जाळी, तिन्ही काढून धुवा. विहिरीचं पाणी न गाळता भरणाऱ्यांच्या पंपात शेवाळ आणि केळीच्या पानांचे तुकडे निघतात. मग टाकीपासून मोटरपर्यंतची छोटी नळी बघा. तिला बारीक चीर असली तरी मोटर पाण्याऐवजी हवा ओढते आणि आवाज नेहमीपेक्षा हलका, मोकळा येतो. नळीचं टोक तडकलं असेल तर तेवढं कापून पुन्हा बसवा, क्लॅम्प घट्ट करा.

पंप थांबून-थांबून 'टक, टक' करतो आणि फवारा तुटक येतो, ही तक्रार सगळ्यात जास्त येते. प्रेशर स्विचला दोष द्यायच्या आधी नोझल आणि दांडीची जाळी बघा. पुढे वाट तुंबली की दाब लगेच भरतो आणि स्विच आपलं काम चोख करत मोटर थांबवतो. उलट, खटका सोडल्यावरही मोटर थांबत नसेल तर दाब कुठेतरी निसटतो आहे. दांडीच्या वॉशरमधून, नळीच्या जोडातून, किंवा आतल्या झडपेतून.

झडपा बघायच्या तर मोटरचं डोकं उघडावं लागतं. स्क्रू आडवे-तिरपे थोडे थोडे सैल करत काढा आणि प्रत्येक थर ज्या क्रमाने निघाला त्याच क्रमाने पोत्यावर मांडा, शेजारी फोटो. झडपांचं रबर कडक झालेलं किंवा मुडपलेलं असेल, खाली वाळूचा कण अडकलेला असेल. कण काढून धुतलं तर पुष्कळदा काम होतं. डायफ्राम फाटला असेल तर डोक्याच्या आणि मोटरच्या मधून औषध ठिबकतं. असा पंप एक दिवसही चालवू नका. ते पाणी मोटरच्या बेअरिंगमध्ये शिरतं आणि चांगली मोटर खरोखरच जाते. डोक्याचा किट मिळाला तर तेवढाच बदला. बंद करताना स्क्रू पुन्हा तिरपे आणि सारख्या जोराने आवळा, एकच बाजू आवळली की दुसरीकडून गळतं.

जोडल्यावर

तळ बंद करायच्या आधी दोन लिटर स्वच्छ पाण्यावर पाच मिनिटं चालवा आणि कागदाचा कोरडा तुकडा प्रत्येक जोडाभोवती फिरवा. डोळ्याला न दिसणारी गळती कागदावर दिसते. खटका सोडा, मोटर थांबली पाहिजे आणि थांबलेलीच राहिली पाहिजे. बरोबर मिनिटभर फवारा बादलीत सोडून पाणी मापाने मोजा आणि तो आकडा टाकीच्या बाजूला ऑइलपेंटने लिहून ठेवा. पुढच्या हंगामात तेच माप घेतलं की नोझल झिजलं की पंप दमला, दोन्ही कळतं. कीटकनाशकाला पोकळ शंकूचा फवारा देणारं नोझल आणि तणनाशकाला चपटा फवारा देणारं, एवढा फरक दुरुस्तीच्या वेळीच तपासून घ्या. पंप चांगला आणि नोझल चुकीचं असे पंपही माझ्याकडे येतात.

हंगाम संपल्यावर

कपाशी उपटून झाली, केळीच्या फवारण्याही थांबल्या, की पंप साबणाच्या पाण्याने चालवून धुवा, मग साध्या पाण्याने, मग रिकामाच अर्धं मिनिट चालवून नळीतलं पाणी काढा. नोझल आणि जाळ्या काढून पिशवीत घालून टाकीलाच बांधा. बॅटरी पूर्ण चार्ज करा आणि तिची काळी क्लिप काढून ठेवा. पंप पत्र्याखाली ठेवू नका. मातीच्या भिंतीची खोली किंवा घरातला खालचा थंड कोपरा चांगला, औषधाच्या डब्यांपासून आणि धान्यापासून लांब.

मग महिन्यातून एकदा चार्जिंग. हे विसरतंच, म्हणून मी अमावास्येला बांधून घेतलं आहे. त्या दिवशी घरात मोटारसायकलला आणि ट्रॅक्टरला लिंबू-मिरची बांधायचं चालू असतं, तेव्हाच पंप खाली काढतो, क्लिप लावतो आणि रात्री वारा खेळेल अशा जागी चार्जिंगला ठेवतो. सकाळी मीटर लावून आकडा दाराच्या मागे खडूने लिहितो. आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय तृतीयेपर्यंत, तीन-चार आकडे एकाखाली एक जमतात. ते १२.७ च्या आसपास टिकले असतील तर बॅटरी पावसाळा काढते. घसरत आले असतील तर नवी बॅटरी मी मे महिन्यातच आणतो, दुकानात गर्दी नसताना, मीटर खिशात घेऊन.